योगशिक्षक प्रशिक्षणासाठी भारतात येणारे परदेशी पाहुणे : व्हिसा, पात्रता आणि कागदपत्रे

भारत पाहायला यायचे आणि त्याच मुक्कामात योगशिक्षकाचे प्रशिक्षण पूर्ण करून परतायचे, असा बेत करून ऋषिकेशला, म्हैसूरला, गोव्याला किंवा आपल्याकडे लोणावळ्याला आणि त्र्यंबकेश्वरला येणारे परदेशी पाहुणे आता नवलाचे राहिलेले नाहीत. कोणाची सून अमेरिकन असते, कोणाच्या मुलाची मैत्रीण जर्मन असते, आणि कोणत्या व्हिसावर यायचे हा पहिला प्रश्न अनेकदा इथल्या मराठी घरातच विचारला जातो. पुढील माहिती परदेशी पासपोर्ट असलेल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे, म्हणजे परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील बरीच मुले, त्यांना वेगळ्या व्हिसाची गरज नाही. त्यांनी वैध पासपोर्ट आणि कार्ड सोबत ठेवून थेट संस्थेच्या प्रवेशाकडे वळावे.

बाकीच्यांसाठी कळीचा प्रश्न असा, की जे करायला आपण जात आहोत तो अल्पकालीन योग कार्यक्रम आहे की पूर्णवेळ, रीतसर अभ्यासक्रम आहे? ई-टूरिस्ट व्हिसाच्या, म्हणजे ऑनलाइन अर्ज करून मिळणाऱ्या पर्यटक व्हिसाच्या, परवानगी दिलेल्या हेतूंमध्ये पर्यटन आणि नातेवाइकांची भेट यांच्या जोडीने अल्पकालीन योग कार्यक्रमाचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याच यादीत भाषा, संगीत, नृत्य, पाककला अशा छोट्या अभ्यासक्रमांनाही मुभा आहे, मात्र ते सहा महिन्यांपेक्षा मोठे नसावेत, औपचारिक स्वरूपाचे नसावेत आणि त्यांतून पात्रता देणारे प्रमाणपत्र किंवा पदविका मिळू नये, अशी अट त्यांना जोडलेली आहे. ही अट शब्दशः योगाला लावलेली नसली तरी योगशिक्षकाच्या नेहमीच्या दोनशे तासांच्या प्रशिक्षणाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळतेच, त्यामुळे नियमाचा सोयीचा अर्थ स्वतःच लावून मोकळे होणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आपला अभ्यासक्रम कोणत्या व्हिसावर करता येतो हे संस्थेकडून लेखी घ्यावे आणि शंका राहिली तर आपल्या देशातील भारतीय दूतावासाला विचारावे. पदविका, पदव्युत्तर पदविका किंवा अनेक महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असेल तर मात्र विद्यार्थी व्हिसाच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी संस्थेचे प्रवेशपत्र व खर्चाची तरतूद दाखवणारी कागदपत्रे जोडावी लागतात.

ई-टूरिस्ट व्हिसा ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असा तीन प्रकारे मिळतो. बहुतेक जण स्वस्त म्हणून ३० दिवसांचा घेतात आणि तिथेच फसतात. दोनशे तासांचे निवासी प्रशिक्षण साधारण तीन ते चार आठवड्यांचे असते; त्यात प्रवासाचे दिवस, एखादे आजारपण किंवा लांबलेली परीक्षा धरली की महिना पुरत नाही, आणि ई-व्हिसाची मुदत वाढवून मिळत नाही किंवा भारतात आल्यावर तो दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. म्हणून एक वर्षाचा व्हिसा अधिक सोयीचा ठरतो, मात्र एका कॅलेंडर वर्षात भारतातील एकूण वास्तव्य १८० दिवसांपेक्षा अधिक होता कामा नये. वर्षाच्या व्हिसासाठी प्रवासाच्या १२० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तर ३० दिवसांच्या व्हिसाची खिडकी प्रवासाच्या फक्त महिनाभर आधी उघडते. पाकिस्तानी पासपोर्टधारकांना आणि पाकिस्तानी मूळ असलेल्यांना ई-व्हिसाची सोय नाही. त्यांनी दूतावासात नेहमीच्या पद्धतीने अर्ज करावा.

अर्ज फक्त भारत सरकारच्या संकेतस्थळावरच भरावा, कारण नावात आणि रूपात हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टची मुदत भारतात पोहोचल्यापासून किमान सहा महिने शिल्लक हवी आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा चौरस फोटो आणि पासपोर्टच्या माहितीपानाची पीडीएफ प्रत अपलोड करावी लागते. नाव पासपोर्टवर ज्या स्पेलिंगने आहे तसेच लिहावे. भेटीच्या हेतूमध्ये योग कार्यक्रमाचाच पर्याय निवडावा. पर्यटन लिहून आश्रमात महिनाभर राहण्यात काहीही साधत नाही, उलट विमानतळावर प्रश्न विचारले गेले तर उत्तर अवघड होते. भरलेली फी अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही.

संस्थेच्या पात्रतेच्या अटी सहसा साध्या असतात: वय १८ पूर्ण, काही काळाचा नियमित सराव, आणि पाठीचा आजार, रक्तदाब, गर्भारपण किंवा शस्त्रक्रिया यांविषयी प्रामाणिक लेखी माहिती. चोवीस दिवसांत दोनशे तास म्हणजे दिवसाला आठ तासांहून अधिक, हे गणित प्रवेशापूर्वीच करून पाहावे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांनी आगमनापूर्वीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचे असते. व्हिसाच्या मंजुरीची छापील प्रत, परतीचे तिकीट आणि संस्थेचे पत्र हातातल्या बॅगेत ठेवावे. विमानतळावर बोटांचे ठसे घेतले जातात. मुक्कामाच्या ठिकाणाच्या चालकाने, मग ते हॉटेल असो, आश्रम असो की घरगुती खोली, पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करायची असते. नातेवाइकांच्या घरी राहणाऱ्यांच्या बाबतीत ही जबाबदारी यजमानावर येते आणि बहुतेक यजमानांना ती ठाऊकच नसते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी पोहोचल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे सरकारी कार्यालय) ऑनलाइन नोंदणी करावी. प्रशिक्षण संपल्यावर तिथेच वर्ग घेऊन मानधन स्वीकारणे टूरिस्ट व्हिसावर चालत नाही, मग ते ‘सहायक’ या नावाखाली असले तरी.

प्रमाणपत्राच्या बाबतीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. योगा अलायन्स ही १९९९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकी ना-नफा संस्था शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते. ती परवाना देत नाही. तिच्याकडे नोंदणी करायची असेल तर शाळा तिच्या यादीत असायला हवी, आणि ती आहे की नाही हे पैसे भरण्यापूर्वीच संस्थेच्या जाहिरातीवरून नव्हे तर यादीतूनच तपासावे. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची पद्धत वेगळी आहे: त्याच्या पहिल्या स्तराला २०० तासांचा आणि दुसऱ्याला ४०० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो, आणि प्रमाणपत्र परीक्षेनंतर मिळते, त्यामुळे आश्रमाने दिलेले प्रमाणपत्र म्हणजे बोर्डाचे प्रमाणपत्र नव्हे. निघण्यापूर्वी संस्थेकडून प्रमाणपत्रासोबत विषयवार तासांचे सही-शिक्क्याचे पत्रक मागून घ्यावे. आसन, शरीररचना, तत्त्वज्ञान आणि अध्यापनाचा सराव यांचे तास मायदेशी स्वतंत्रपणे विचारले जाऊ शकतात, आणि एकदा देश सोडल्यावर ते पत्रक मिळवण्यासाठी महिनोन्महिने ईमेल करत बसावे लागते.