घरातील छळाविरुद्ध संरक्षण आदेश : अर्ज करण्यापूर्वी हे वाचा

घटस्फोट नको, फौजदारी तक्रारही नको, फक्त मारहाण आणि धमक्या थांबाव्यात, एवढ्यासाठीही न्यायालयात जाता येते. त्यासाठीच कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, 2005 आहे. पत्नीबरोबरच आई, बहीण, मुलगी, सून यांनाही त्याखाली अर्ज करता येतो.

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. सासर पुण्याचे, पण तुम्ही सध्या गडहिंग्लजला माहेरी असाल तर तो गडहिंग्लजलाच चालतो. पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही.

मारहाण झाली असेल तर आधी कोल्हापूरचे सीपीआर किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठा आणि कुणी, कशाने मारले ते केसपेपरवर लिहायला सांगा. लाजेखातर ‘जिन्यावरून पडले’ असे सांगितले, तर पुढे तोच कागद सामनेवाल्याच्या कामी येतो. धमकीचे मेसेज पुसू नका आणि ज्या फोनवर ते आले तो फोन विकू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे, प्रमाणपत्र लागते. ते आमच्या वकील कार्यालयात आम्ही तयार करतो.

खरी मेख विनंती कलमात, म्हणजे न्यायालयाकडे नेमके काय हवे ते मागतो त्या भागात असते. ‘त्रास देऊ नये’ असे मोघम मागितले की आदेशही मोघम मिळतो आणि तो मोडल्याचे दाखवता येत नाही. म्हणून कामाच्या ठिकाणी येऊ नये, मुलांच्या शाळेत जाऊ नये, फोन किंवा नातेवाइकांमार्फत निरोप पाठवू नयेत, लॉकर उघडू नये, स्त्रीधन विकू नये, असा एकेक मुद्दा वेगळा मागावा. राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश याच 2005 च्या कायद्याच्या कलम 19 खाली मिळतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्याच कारणाने तो नाकारला जात नाही.

धोका तातडीचा असेल तर कलम 23 खाली शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे सामनेवाल्याचे म्हणणे ऐकण्याआधीचा तात्पुरता आदेश मागता येतो. शेवटच्या घटनेला सहा महिने उलटले असतील, तर ‘मग आजच घाई का?’ हा प्रश्न येणारच, त्याचे उत्तर शपथपत्रातच हवे.

कायद्यात पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत द्यावा असे आहे. प्रत्यक्षात जास्त दिवस जातात, बहुतेकदा नोटीस बजावणीपायी. ‘मु. पो. इचलकरंजी’ एवढ्या पत्त्यावर नोटीस लागत नाही. सामनेवाल्याची गल्ली, जवळची खूण, तो काम करतो तो कारखाना आणि त्याच्या कामाच्या पाळीची वेळ लिहून आणा.

आदेशाची प्रत मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते, तरी एक झेरॉक्स कायम जवळ ठेवा. आदेश मोडणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तडजोडीचे बोलायचे असेल तर वकिलांमार्फतच बोला. तुम्हीच घरी बोलावले, हा बचाव हमखास घेतला जातो.

त्रास देणारा शेजारी किंवा परका असेल तर हा कायदा लागू होत नाही. तेव्हा दिवाणी न्यायालयातून तूर्तातूर्त मनाई ताकीद, म्हणजे तात्पुरता मनाई आदेश घ्यावा लागतो. तो मोडला तर पुन्हा त्याच न्यायालयात अर्ज करावा लागतो, म्हणून धमकी किंवा पाठलाग असेल तर पोलीस तक्रारही सोबत करा.

आमची फी परवडत नसेल तर कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. जिवाला धोका असेल तर आधी 112 ला फोन करा, अर्जाचे नंतर बघू.

पहिल्या भेटीला आधार कार्ड, लग्नाचा पुरावा, केसपेपर आणि तारीखवार घटनांचा कागद आणा. निघण्यापूर्वी फोनमधील लोकेशन शेअरिंग बंद करा.