बिल्डर जेल: बाटलीतलं आणि डबीतलं

माझ्या टेबलावर आत्ता दोन वस्तू आहेत. एक नेलपेंटसारखी बाटली, झाकणालाच ब्रश असलेली. दुसरी बसकी गोल डबी, तिचा ब्रश वेगळा घ्यावा लागतो. दोन्हींवर ‘बिल्डर जेल’ असंच छापलंय, म्हणजे नखावर टणक कवच करायला लावतात ते जेल. दोन्हींचा रंग फिकट गुलाबी, दोन्ही मधासारखी घट्ट, दोन्ही नखांच्या यूव्ही लॅम्पखाली मिनिटभरात कडक होतात. नखावर लावल्यावर कुठलं कोणतं हे मलाही नुसतं बघून सांगता येणार नाही. फरक कळतो तो काढताना. बाटलीतलं ॲसिटोनमध्ये पंधरा-वीस मिनिटांत सैल होतं. डबीतलं दिवसभर बुडवून ठेवलं तरी ढिम्म हलत नाही.

हे मला आधी ठाऊक असतं तर माझा अंगठा वाचला असता.

माझी नखं मुळातच पातळ. फोंड्याच्या आमच्या घरात रोज नारळ आदोळीवर, म्हणजे विळीवर, खवला जातो, आठवड्यातून दोनदा तरी तिसऱ्या फोडायच्या असतात, आणि भांडी आहेतच. नख जरा वाढलं की कोपऱ्यातून पापुद्रा सुटायचा. बिल्डर जेलने नखं टिकतात असं ऐकून मी डबी मागवली, कारण बाटलीच्या किमतीत डबीत जास्त माल येत होता आणि नाव तर तेच होतं. तीन आठवडे नखं सुरेख राहिली. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) पीठ मळायचं, गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायची, तेव्हा नखं साधी असलेली बरी म्हणून काढायला बसले. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस, वरून फॉइल. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तास झाला. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली, जेल मात्र काचेसारखं तसंच. वहिनी दोनदा येऊन बघून गेली. “अजून निघत का नाही गो?” मला वाटलं, कड तेवढी चिवट असेल. अंगठ्याच्या कडेखाली लाकडी काडी घातली आणि उचकटलं. जेल निघालं, आणि त्याच्याबरोबर नखाचा वरचा थरही. खाली उरलं ते कागदासारखं, गुलाबी-लाल. त्या चवथीत गरम पाण्यात हात घातला की अंगठा चरचरायचा.

बाटलीत सहसा मिळतं ते सोक ऑफ बिल्डर जेल, म्हणजे भिजवून काढता येणारं. बायाब (BIAB, ‘बिल्डर इन अ बॉटल’) म्हणतात ते हेच. ते मुळात एका ब्रिटिश कंपनीचं ब्रँडनाव, पण आता कुठल्याही बाटलीतल्या बिल्डर जेलला लोक सर्रास तेच म्हणतात. डबीत बहुधा असतं ते हार्ड जेल. ‘सहसा’ आणि ‘बहुधा’ मुद्दाम लिहितेय, कारण बाटलीत भरलेलं हार्ड जेलही मिळतं आणि डबीतलं सोक ऑफही. म्हणून बाटली की डबी यावर भरवसा ठेवू नका. लेबलवर ‘सोक ऑफ’ हे शब्द शोधा. ते नसतील तर घरी एक सोपी चाचणी होते. ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यावर जेलचा हरभऱ्याच्या डाळीएवढा पातळ ठिपका पसरा, लॅम्पखाली पूर्ण कडक करा, वरची चमक नखं घासायच्या फाइलने घालवा आणि ॲसिटोनने ओल्या केलेल्या कापसाखाली वीस मिनिटं ठेवा. सोक ऑफ असेल तर ठिपका फुगतो, सुरकुततो, काडीने टोकरला की भुसभुशीत होऊन सुटतो. हार्ड जेल असेल तर काडी लागल्यावर टक आवाज येतो आणि ठिपका जागचा हलत नाही. ही चाचणी प्लास्टिकच्या खोट्या नखावर करू नका. ॲसिटोनमध्ये आधी ते नखच विरघळतं.

असं का होतं? दोन्ही जेल ॲक्रिलेट जातीच्या रसायनांची. लॅम्पचा प्रकाश पडला की त्यातले छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या होतात, साखळ्यांची जाळी होते. सोक ऑफ जेलची वीण सैल असते, तिच्यात ॲसिटोन शिरतं, जेल फुगतं आणि नखावरची पकड सोडतं. पाण्यात साखर विरघळावी तसं ते विरघळत नाही, म्हणूनच शेवटी हलक्या हाताने काडीने लोटावं लागतं. हार्ड जेलची वीण इतकी दाट की ॲसिटोनला आत शिरायला वाटच नसते. त्याचा टणकपणा येतो तो या दाट विणीतून, आणि न निघण्याची खोडही तिथूनच.

मग ‘नखं मजबूत होतात’ याचा अर्थ काय? नख मजबूत होत नाही, कुठल्याच जेलने नाही. दिसतं ते नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे एकावर एक थर, सगळे मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर. ते तयार होतं कातडीखालच्या मुळाशी, आणि तिथपर्यंत जेल पोचत नाही. जेल फक्त वरून कवच देतं, म्हणजे नख वाकून मोडायच्या आधी वाढायला सवड मिळते. कवच काढलं की खाली तेच नख, आणि नीट काढलं नाही तर आधीपेक्षाही पातळ.

पातळ, वाकणाऱ्या नखाला टणक कवचच हवं, असं पहिल्यांदा कुणालाही वाटेल. माझं मत उलटं झालंय. आमच्याकडच्या जुन्या मातीच्या घरांना नंतर सिमेंटचा गिलावा केलेला तुम्ही पाहिला असेल. माती ओल घेते, फुगते, आक्रसते. सिमेंट तसंच राहतं. चार-दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात, मातीचा थर बरोबर घेऊन. नखही पाणी पितं, फुगतं, वाळून आक्रसतं. दिवसातून दहा वेळा हात पाण्यात जात असतील तर त्यावर थोडं लवचीक कवचच टिकतं. म्हणून स्वतःची नखं फक्त जपायची असतील, बोटाच्या टोकापुढे तीन-चार मिलिमीटर वाढवायची असतील, तर सोक ऑफ घ्या. हार्ड जेल लागतं ते नख कृत्रिमरीत्या लांबवायचं असेल तेव्हा, नखाखाली फॉर्म (साचा) लावून पुढे लांब टोक घडवायचं असेल तेव्हा. ते शिकलेल्या हाताचं काम आहे, आणि दर खेपेला ते काढायचं नसतं. फाइलने पातळ करून, वाढलेल्या मुळाशी भर घालून तेच पुढे चालवायचं असतं. घरी आपल्याच डाव्या हाताने उजव्या हाताचं नख घासत बसणाऱ्या बाईला मी ते सुचवणार नाही.

लावायची रीत मात्र दोन्हींची जवळजवळ सारखीच. नखावर चढलेली पातळ कातडी मागे सारून साफ करायची, बारीक बफरने फक्त चमक घालवायची, नख कोरडं करणारं डिहायड्रेटर, बेस कोट, मग जेल. आधी एक अगदी पातळ थर, तो न वाळवता त्यावर मध्यभागी एक थेंब. खरी गंमत या थेंबात आहे. ब्रश नखाला न टेकवता त्याच्या टोकाने थेंब हळू फिरवायचा, म्हणजे जेल आपोआप सपाट होऊ लागतं. मग नख खाली येईल असा हात उलटा करून दहा सेकंद धरायचा, जेल मध्यभागी जमतं आणि तिथे हलकासा उंचवटा येतो. हा उंचवटाच नखाचा भार पेलतो. तो नसला तर नख नेमकं मांसातून सुटतं त्या रेषेवर मोडतं. उंचवटा बरोबर आला की नाही हे मी छतावरच्या ट्यूबलाइटवरून बघते. नखावर तिचं प्रतिबिंब पडतं, एक पांढरी रेघ. नख तिरकं फिरवताना ती रेघ न तुटता, न थरथरता सरकली तर थर समान आहे. कुठे वाकडी झाली तर तिथे खड्डा आहे. टॉप कोट लावल्यावर हे दुरुस्त होत नाही, लॅम्पमध्ये घालायच्या आधीच बघायचं.

लॅम्पमध्ये हात घातल्यावर नखाला चटका बसतो, त्याने घाबरून जायला होतं. रेणू जोडले जाताना उष्णता निघते, आणि थर जितका जाड तितकी जास्त. डबीतल्या जेलचा जाड थर एकदम दिला तर हमखास भाजतं. चटका लागताच हात बाहेर काढा, क्षणभर थांबा, पुन्हा घाला. दोन पातळ थर देणं केव्हाही बरं. सोसून बसू नका. आधीच पातळ झालेल्या नखाला तो चटका जास्त लागतो आणि नख मांसापासून सुटूही शकतं. अंगठे वेगळे, सरळ ठेवून वाळवा. चार बोटांबरोबर घातले की ते कलतात आणि एक कड कच्ची राहते.

कच्चं राहणं हा या सगळ्यातला सर्वांत गंभीर भाग आहे. न वाळलेलं ॲक्रिलेट कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते. बोटांच्या टोकांना खाज, पुरळ, भेगा, कधी पापण्यांवर सूज, कारण तोच हात डोळ्यांना लागतो. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची. आणि याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या बोन सिमेंटमध्येही असतात, म्हणजे हौस नखांची आणि अडचण पुढे दवाखान्यात. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच घरगुती जेलच्या संचांबद्दल जाहीर इशारा दिला होता. एचईएमए (HEMA) हे या जेलांतलं सर्वांत बदनाम ॲक्रिलेट. युरोपीय संघात ते असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांसाठीच विकता येतात. जेल कडक व्हायला मदत करणारं टीपीओ (TPO) तर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत पूर्ण बंद झालं. म्हणून घटकांची यादीच न छापलेली स्वस्त डबी घेऊ नका. ‘एचईएमए नाही’ लिहिलेलं असलं तरी बाकीची ॲक्रिलेटं असतातच, तेव्हा जेल कातडीला लागू द्यायचं नाही हा नियम तोच. लागलंच तर लॅम्पमध्ये घालायच्या आधी काडीने पुसून घ्या. लॅम्प शक्यतो त्याच कंपनीचा वापरा. लॅम्पवर लिहिलेले ३६ किंवा ४८ वॅट बघून काही कळत नाही. जेलला लागणारी तरंगलांबी त्या लॅम्पमधून पुरेशी मिळते का, यावर सगळं अवलंबून असतं. वरून कडक झालेलं जेल आतून कच्चं असू शकतं आणि ते हाताला जाणवत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक बघावं लागतं. जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. भांडी घासून किंवा अंघोळ करून लगेच जेल लावलं तर ओलं नख नंतर आक्रसतं आणि कड सुटते. तास-दोन तास जाऊ द्या. सुटलेल्या कडेखाली पाणी शिरून साचलं की तिथे हिरवट डाग पडतो. तो बुरशीचा नसतो, सुडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. त्यावर नवा थर देऊन झाकायचं नाही. जेल काढायचं, नख कोरडं ठेवायचं, आणि डाग वाढला किंवा दुखलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

काढताना सोक ऑफ जेलचीही घाई करू नका. आधी टॉप कोट आणि वरचा बराचसा थर फाइलने घालवा, मगच ॲसिटोन आत जातं. बोटांना खोबरेल तेल लावा. कापूस, फॉइल, पंधरा मिनिटं. जे सहज लोटलं जाईल तेवढंच लोटा, उरलेल्यावर पुन्हा कापूस बांधा. ॲसिटोन फार लवकर पेट घेतं, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात किंवा देवापुढे समई लागलेली असताना नको. आणि चुकून हार्ड जेल लावून बसला असाल तर ॲसिटोनचा नाद सोडा. तोंडाला मास्क लावून फाइलने ते पातळ करत आणा, नखाला लागेल इतक्या खाली न जाता एक झिरझिरीत थर तसाच ठेवा आणि तो नखाबरोबर वाढून पुढे जाऊ द्या. घरी मशीन वापरू नका, हाताला अंदाज येईपर्यंत नखात खाच पडलेली असते.

बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. माझ्या अंगठ्यावरची ती पातळ पट्टी चवथीला पडली होती, ती टोकाला येऊन मी कापली तेव्हा घरात शिमग्याची तयारी चालली होती. आता वहिनीही जेल लावते, बाटलीतलं. डबी मी टाकलेली नाही. तिच्या झाकणावर पट्टी चिकटवून ‘भिजत नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.