शेवट रडका म्हणजे शोकांतिका नव्हे

शेवटी कुणी मेलं की 'शोकांतिका', कुणी हंबरडा फोडला की 'मेलोड्रामा'. चित्रपटांच्या परीक्षणांत ही वाटणी इतक्यांदा वाचली आहे की आता राहवत नाही. मेलोड्रामा हा शब्द तर शिवीसारखाच वापरतात.

मेलोड्रामा आपल्याला पाठ आहे. सोशिक नायिका, छळणारं सासर, खोटा आळ, आणि सत्य कळेपर्यंत झालेला उशीर. 'माहेरची साडी' (१९९१) पाहताना बायका पदराने डोळे पुसत बसायच्या, त्यावर अजून काय सांगायचं? नावातलं 'मेलो' ग्रीक 'मेलोस'वरून आलं, म्हणजे गाणं, सूर. संगीताची साथ असलेलं नाटक हा मूळ अर्थ. अभिनय भडक की संयत, व्हायोलिनं किती वाजली, हे फरक वरवरचे. भडक अभिनयाला सरळ भडक अभिनय म्हणावं, त्यासाठी एका अख्ख्या प्रकाराला बदनाम करू नये.

खरी गफलत होते ती घाव कुठून येतो, पात्राच्या स्वतःच्या हातून की बाहेरून, या प्रश्नावर.

'नटसम्राट' घ्या. २०१६चा चित्रपट पाहून बाहेर पडताना माझ्या पुढच्या रांगेतले एक काका मुलाला म्हणत होते, "बघ, आईबापांना असं वागवतात." त्यांनी शोकांतिका मेलोड्रामा म्हणून पाहिली होती: मुलं दुष्ट, म्हातारा बिचारा. पण गणपतराव बेलवलकर निवृत्त झाल्यावर सगळं आपल्या हाताने मुलांना वाटून टाकतात. कुणी फसवून सही घेतलेली नाही. रंगमंचावर राजासारखं जगलेला माणूस राजासारखंच देऊन मोकळा होतो, आणि मग परक्या झालेल्या घरात त्याच तोऱ्यात वावरतो. ज्या गुणाने तो नटसम्राट झाला, तोच त्याला रस्त्यावर आणतो. शिरवाडकरांच्या १९७०च्या मूळ नाटकामागे शेक्सपिअरचा लिअर उभा आहे, आणि लिअरही राज्य स्वतःच वाटतो. ॲरिस्टॉटल या चुकीला 'हामार्टिया' म्हणतो. त्या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे.

'माहेरची साडी'तल्या सुनेचा कुठला नेम चुकला? कुठलाच नाही. तिच्या जागी दुसरी कुणी असती, तरी त्या घरात तिचं तेच झालं असतं. गणपतरावांच्या जागी एखादा सावध कारकून ठेवून बघा, गोष्ट पहिल्या अंकातच संपते.

पटकथेची मिनिटंही यावरूनच ठरतात. शोकांतिकेत निर्णयाच्या प्रसंगाला वेळ द्यावा लागतो, कारण पुढचं सगळं त्यातून उगवतं. मेलोड्रामात सोसण्याला वेळ द्यायचा असतो. तिथे प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असतं, पात्रांना नसतं, आणि ते कळेपर्यंत आपण खुर्चीत तळमळतो. अर्थात एकाची हत्यारं दुसरा सर्रास वापरतो. मुलीच्या घरी गणपतरावांवर येणारा चोरीचा आळ हा मेलोड्रामाच्या ठेवणीतला डाव आहे, आणि तिथे तो चोख बसतो.

मेलोड्रामाला कमी लेखणाऱ्यांनी बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचा 'मेघे ढाका तारा' (१९६०) पाहावा. फाळणीने उखडलेलं कुटुंब, सगळ्यांचा भार एकट्या नीतावर. ज्याच्यावर तिचं प्रेम आहे, तो सनत तिच्याच बहिणीत गुंतल्याचं तिला कळतं. ती जिना उतरू लागते आणि आवाज येतो चाबकाच्या फटक्यांचा. पडद्यावर चाबूक कुठेच नाही. नीताचा चेहरा जवळजवळ स्थिर आहे, जे काही होतंय ते आवाजात होतंय. 'मेलोस'चा याहून धीट वापर मला ठाऊक नाही.

पुढे नीता म्हणते की आपण अन्यायाला कधी विरोध केला नाही, हेच आपलं पाप. क्षणभर वाटतं, हीसुद्धा शोकांतिकाच. मी मात्र तिला मेलोड्रामाच म्हणेन, आणि पूर्ण आदराने म्हणेन. सुरुवातीला रस्त्यात नीताच्या चपलेचा अंगठा तुटतो. शेवटी, ती आता परतणार नाही हे आपल्याला कळलेलं असताना, त्याच वस्तीतल्या दुसऱ्या एका मुलीची चप्पल तशीच तुटते. ती थांबते, ओशाळं हसते आणि पाय ओढत कामाला निघून जाते.