सायकलचा बिल्ला: कर गेला, खिडकी उरली

जिथे सायकलची नोंदणी लागते, तिथे जुनी सायकल नोंदवायला गेलं की आधी पावती मागतात. सायकल आलेली असते भावाकडून, नाहीतर कुणाच्या तरी अडगळीतून. पावती आणायची कुठून? मग फ्रेमवरचा नंबर विचारतात. तो बहुतेक सायकलींना पायडलच्या दांड्याजवळ, अगदी खालच्या अंगाला ठोकलेला असतो. म्हणजे सायकल उलटी करा, ग्रीस आणि चिखल खरवडा, आणि रंगाच्या थरांखालचा तो आकडा शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’, यावर हुज्जत घाला. सायकलच्या किमतीकडे पाहिलं तर हा सगळा उपद्व्याप विचित्रच वाटतो. त्याचा इतिहासही तसाच आहे.

सुरुवात पैशापासून झाली. फ्रान्सने १८९३ साली सायकलवर कर बसवला, तेव्हा सायकल ही हौशी आणि खिसा गरम असलेल्या लोकांची चैन होती. घोडागाडीवर कर, तर सायकलवर का नको, असा साधा हिशोब. पुढच्या दोन-तीन दशकांत सायकल स्वस्त झाली, कामगार तिच्यावरून कारखान्यात जाऊ लागले. कर मात्र १९५९ पर्यंत टिकला. एकदा लावलेला कर सहजी सुटत नाही, हे सरकार कुठलंही असो.

नेदरलँड्सने १९२४ मध्ये तिजोरी भरण्यासाठी हाच मार्ग धरला. कर भरला की धातूचा छोटा बिल्ला मिळायचा, तो सायकलवर दिसेल असा लावायचा. दरवर्षी नवा. मंदीच्या काळात बेकारांना तो फुकट देण्याची सोय झाली, पण त्या बिल्ल्याला मधोमध भोक पाडलेलं असे. फुकटचा बिल्ला दुसऱ्याने वापरू नये म्हणून ही खूण. पण त्यामुळे हा माणूस बेकार आहे, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळायचं. नोंदणीच्या इतिहासात इतकं छोटं आणि इतकं बोचरं भोक दुसरं नसेल. १९४१ मध्ये हा कर रद्द झाला, तोही जर्मन ताब्याच्या काळात.

कॅनडातल्या टोरोंटोची गोष्ट शहर पातळीवरची. तिथे १९३५ पासून सायकलला परवाना लागायचा. १९५७ मध्ये शहराने तो बंद केला, आणि दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे: परवान्यामुळे कोवळ्या वयाची मुलं नकळत कायदा मोडतात आणि पोलीस व मुलं यांच्यात उगाच वितुष्ट येतं. त्यानंतर तिथे हा विषय पुन्हा पुन्हा निघाला आणि दर वेळी बारगळला. अडचण नोंदवहीचीच. मूल मोठं होतं, सायकल धाकट्याकडे जाते, मग विकली जाते, आणि वहीत नाव पहिल्याचंच राहतं. मोटारीसाठी बनवलेली पद्धत इथे लावली की असंच होणार. मोटार काही कुणी भाच्याला सहज देऊन टाकत नाही.

कराचा मुद्दा मागे पडला तसं चोरीचं कारण पुढे आलं. सापडलेली सायकल मालकाला परत करता यावी, हे रास्तच. अमेरिकेतल्या अनेक गावांत त्यासाठी पोलीस ठाण्यात, काही ठिकाणी चक्क अग्निशमन केंद्रात जाऊन स्टिकर घ्यावा लागे. पण सक्ती आली की ती धाक दाखवायलाही वापरता येते. २०२१ मध्ये न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉय इथे पोलिसांनी सायकलवरच्या मुलांच्या घोळक्याला अडवलं, नोंदणी नसल्याचा मुद्दा काढला, सायकली ताब्यात घेतल्या आणि एका मुलाला बेड्या घातल्या. त्याचं चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून शहरांना अशी सक्ती करायला मनाईच केली. अमेरिकेच्याच हवाई राज्यात मात्र २० इंच आणि त्याहून मोठ्या चाकाच्या सायकलीची नोंदणी आजही लागते. स्वित्झर्लंडमध्ये दरवर्षीच्या स्टिकरसोबत अपघाताची भरपाई देणारा विमा मिळायचा. बहुतेकांकडे तसा विमा आधीच असल्याने २०१२ पासून तोही गेला.

नोंदणी खरी रुजली ती जपानमध्ये. १९९४ पासून ती कायद्याने बंधनकारक आहे, पण न करणाऱ्याला दंड नाही. दुकानदारच नव्या सायकलीचा अर्ज भरतो, काहीशे येन घेतो, फ्रेमवर स्टिकर चिकटवतो; गिऱ्हाईक तिथूनच सायकल चालवत घरी जातं. कुठल्या कचेरीत जायचं कारणच पडत नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे: नोंदणीची खिडकी कचेरीतून दुकानात नेली की निम्मा त्रास संपतो. फ्रान्सनेही २०२१ पासून हेच केलं. कर नाही, बिल्ला नाही; विक्रेत्याने नव्या सायकलीवर ओळख क्रमांक टाकायचा आणि मालकाची नोंद करायची.

उरलेला निम्मा त्रास जपानलाही चुकलेला नाही. तिथे नोंदी प्रांतवार ठेवल्या जातात. सायकल दुसऱ्याला द्यायची तर आधी जुनी नोंद रद्द करा, तसा कागद द्या, मग नव्या मालकाने पुन्हा अर्ज करायचा. हे न करता मित्राने दिलेल्या सायकलवर फिरणाऱ्याला पोलिसाने थांबवून नंबर तपासला, तर नाव निघतं मित्राचं, आणि सायकल चोरीची नाही हे त्याला तिथेच रस्त्यात पटवून द्यावं लागतं.