आरशावरचा शेवटचा थर: अतिनील दुर्बिणींची पार्श्वभूमी

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य एल-१ यानावरून सूर्याची अतिनील छायाचित्रं पाठवते. तिच्याआधी २०१५ साली ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाबरोबर ‘यूव्हीआयटी’ ही अतिनील दुर्बीण अवकाशात गेली. अशा मोहिमांच्या बातम्यांत आरशाचा व्यास असतो, रॉकेटचं नाव असतं, आकडे असतात. आरशावर लेप कशाचा आहे, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही. अतिनील खगोलशास्त्रात खरी मेख तिथेच आहे. दुर्बीण कुठल्या तरंगलांबीपर्यंत पाहू शकेल, हे गेल्या शतकभरात बहुतेक वेळा काचेवरच्या काही नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) जाडीच्या थराने ठरवलं आहे.

जांभळ्या रंगापलीकडे काहीतरी आहे, हे योहान रिटरने १८०१ मध्ये दाखवलं. सिल्व्हर क्लोराईड तिथे जास्त लवकर काळं पडत होतं. त्यापलीकडचा प्रांत उघडायला मात्र बराच काळ गेला, कारण अतिनील किरण वाटेतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट गिळते. लाइपझिगच्या व्हिक्टर शूमानने १८९० च्या दशकात एकेक अडथळा हेरून दूर केला. हवा शोषते, म्हणून त्याने वर्णपटमापक (प्रकाश तरंगलांबीनुसार फाकवून नोंदवणारं उपकरण) निर्वात केला. क्वार्ट्झ शोषतो, म्हणून लोलक फ्लोराइट या खनिजाचा घेतला. छायाचित्राच्या काचेवरचं जिलेटिनही शोषतं, म्हणून जवळजवळ जिलेटिन नसलेल्या काचा स्वतः बनवल्या. एवढं करून तो १२० नॅनोमीटरच्या आसपास पोचला. पुढे हार्वर्डमध्ये थिओडोर लायमनने लोलकच काढून टाकला, त्याजागी धातूची अंतर्वक्र ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांनी प्रकाश फाकवणारा पृष्ठभाग) बसवली आणि वर्णपटातली हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची रेषा पकडली. लायमन-अल्फा म्हणतात ती हीच. पुढची सगळी धडपड या रेषेभोवती फिरते, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

दुर्बिणींचे आरसे त्या काळात चांदीचे असत. चांदी दृश्य प्रकाश फार छान परतवते, पण ३२० नॅनोमीटरच्या आसपास तिचं परावर्तन जेमतेम काही टक्क्यांवर येतं. वातावरण तर साधारण ३०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जमिनीपर्यंत येऊ देतं. म्हणजे आभाळ जे देत होतं ते आरसाच वाया घालवत होता. शिवाय चांदी काळवंडते. कल्हईवाल्यासारखी तिची फेरी वरचेवर ठरलेली. १९३० च्या दशकात कॅलटेकच्या जॉन स्ट्राँगने निर्वात पात्रात टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनिअम तापवून त्याची वाफ काचेवर बसवण्याचं तंत्र मोठ्या आरशांपर्यंत नेलं. १९३५ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची आरशावर ॲल्युमिनिअम चढलं. १९४७ मध्ये पालोमारच्या २०० इंची आरशाची पाळी आली, तेव्हा स्ट्राँगने काच साफ करायला केसांना लावायचं बाजारी तेल वापरलं. आधी तेल फासायचं, मग पुसून काढायचं आणि उरलेला अंश निर्वात पात्रात विद्युत विसर्जनाने जाळून टाकायचा. मदतनीस हबकले असतील तर नवल नाही, पण लेप उत्तम बसला.

ॲल्युमिनिअमचा मोठा गुण म्हणजे हवा लागताच त्यावर ऑक्साईडची पातळ साय धरते आणि खालचा धातू वाचतो. जमिनीवरच्या दुर्बिणीला हे वरदान आहे, कारण ही साय दृश्य आणि जवळच्या अतिनील प्रकाशाला पारदर्शक असते. अवकाशात जायचं ठरलं तेव्हा हाच गुण आडवा आला.

१० ऑक्टोबर १९४६ रोजी अमेरिकेच्या व्हाइट सँड्समधून जर्मनांकडून हस्तगत केलेलं एक व्ही-२ रॉकेट सुटलं. त्याच्या शेपटाच्या पंखात नौदल संशोधन प्रयोगशाळेच्या रिचर्ड टौसी यांच्या गटाचा वर्णपटमापक होता. ओझोनच्या थराबाहेरून घेतलेला सूर्याचा पहिला अतिनील वर्णपट त्यातून मिळाला. मजल मात्र २२० नॅनोमीटरच्या आसपास थांबली. टौसींना लायमन-अल्फा हवी होती, आणि त्या तरंगलांबीला साधा ॲल्युमिनिअमचा आरसा जवळजवळ आंधळा असतो. दोष धातूचा नव्हता. ताजं, हवा न लागलेलं ॲल्युमिनिअम १०० नॅनोमीटरपर्यंतही ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवतं. दोष त्या दोन-तीन नॅनोमीटरच्या सायीचा होता. दृश्य प्रकाशात ती असून नसल्यासारखी, पण १६० नॅनोमीटरखाली प्रकाश झपाट्याने शोषायला लागते.

उपाय सापडला तो फोर्ट बेल्व्हॉर इथल्या लष्करी प्रयोगशाळेत. युद्धानंतर जर्मनीहून अमेरिकेत आलेले गेऑर्ग हास हे पातळ थरांचे जाणकार तिथे काम करत. त्यांनी आणि टौसींनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती सांगायला सोपी आहे: ॲल्युमिनिअम बसताक्षणी, पात्र न उघडता, त्यावर मॅग्नेशियम फ्लोराईडचा थर चढवायचा. करायला मात्र ती अवघड. चांगल्या निर्वातातही थोडा ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ उरतेच, म्हणून ॲल्युमिनिअम काही सेकंदांत बसायला हवं. सावकाश बसवलं तर प्रत्येक नवा थर बसता बसताच गंजतो. फ्लोराईडला उशीर झाला तरी तेच. आणि फ्लोराईडची जाडी मोजून मापून. सुमारे २५ नॅनोमीटरला वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या लहरी १२१.६ नॅनोमीटरला एकमेकींना बळ देतात, आणि परावर्तन ८० टक्क्यांच्या घरात जातं.

८० टक्के हा आकडा किती मोलाचा, ते गुणाकारात दिसतं. दोन आरशांनंतर ६४ टक्के प्रकाश उरतो, चार आरशांनंतर ४१. तेच परावर्तन ३० टक्के असेल, तर दोन आरशांनंतर ९ टक्के आणि चारांनंतर एक टक्काही नाही. अतिनील उपकरणं आखणारे एकेका आरशासाठी भांडतात ते यामुळे.

यानंतर हीच पाककृती सगळीकडे गेली. १९७८ च्या आययूई या अतिनील वेध घेणाऱ्या उपग्रहात ती होती. हबलचा २.४ मीटरचा आरसाही तसाच: ६५ नॅनोमीटर ॲल्युमिनिअम, वर २५ नॅनोमीटर मॅग्नेशियम फ्लोराईड. हबलच्या आरशाचा आकार घासताना चुकला, हे जगजाहीर आहे. त्या आरशावरच्या लेपाने मात्र दशकानुदशकं निमूट काम केलं, म्हणून त्याची कोणी बातमी केली नाही.

पण मॅग्नेशियम फ्लोराईड स्वतःच ११५ नॅनोमीटरखाली अपारदर्शक होतं. त्याखालच्या पट्ट्यात ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) रेषा आहेत, रेणुरूप हायड्रोजनच्या आहेत, तप्त वायूतल्या ऑक्सिजनच्या आहेत. म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या, आंतरतारकीय माध्यमाच्या, अभ्यासकांना हवा असलेला ऐवज तिथेच. लिथियम फ्लोराईड १०२ नॅनोमीटरपर्यंत वाट देतं, पण ओलावा ओढून घेतं आणि खराब होतं. १९७२ च्या कोपर्निकस उपग्रहाने ती जोखीम पत्करली. १९९९ मध्ये उडालेल्या ‘फ्यूज’ या दूर-अतिनील उपग्रहाने त्यावर तोडगा काढला तो असा: एकाऐवजी चार वाहिन्या, दोनांवर ॲल्युमिनिअम आणि लिथियम फ्लोराईड, दोनांवर सिलिकॉन कार्बाईड. कार्बाईडचं परावर्तन कमी, पण ते ९० नॅनोमीटरपर्यंत टिकतं. प्रत्येक वाहिनीत प्रकाश फक्त दोनदा परतायचा, एकदा आरशावर आणि एकदा ग्रेटिंगवर. तिसरं परावर्तन परवडणारंच नव्हतं.

अजून खाली, ५० नॅनोमीटरच्या अलीकडे, सरळ समोरून येणारा किरण कुठलाच पदार्थ धडपणे परतवत नाही. इथे बहुस्तरी लेप कामाला येतात. प्रत्येक सीमेवरून नगण्य प्रकाश परततो. पण थरांच्या जोडीची जाडी तरंगलांबीच्या साधारण निम्मी ठेवून अशा कित्येक जोड्या रचल्या, तर ते सगळे अंश एका तालात जमा होतात. आक्षेप असा होता की इथे प्रत्येक पदार्थ प्रकाश शोषतो, मग ढीग रचून फायदा काय? आयबीएमच्या एबरहार्ड स्पिलर यांनी १९७२ मध्ये उत्तर दिलं: जास्त शोषणारा थर पातळ करून स्थिर लहरीच्या निष्पंदाजवळ, म्हणजे लहर जवळजवळ शून्य असते त्या जागी ठेवा, तिथे शोषायला फारसं काही नसतंच. मोलिब्डेनम आणि सिलिकॉनच्या अशा चाळीस-पन्नास जोड्या १३.५ नॅनोमीटरला ७० टक्क्यांच्या जवळपास जातात. १९९५ मध्ये सोडलेल्या, सूर्याचा वेध घेणाऱ्या सोहो यानावरच्या ‘ईआयटी’ दुर्बिणीत एकाच आरशाचे चार चतुर्थांश वेगवेगळ्या थरांनी लेपले होते: १७.१, १९.५, २८.४ आणि ३०.४ नॅनोमीटरसाठी. फिरती झडप एका वेळी एकच चतुर्थांश उघडायची. सूर्याची ती हिरवी-निळी-नारिंगी रंगवलेली प्रसिद्ध चित्रं याच व्यवस्थेतून आली. आज अत्याधुनिक चिप छापणारी यंत्रं ज्या आरशांवर चालतात, ते याच घराण्यातले.

आरशांचं जमलं तरी संवेदकांचं दुखणं राहिलंच. सिलिकॉनच्या सीसीडीत (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये) २५० नॅनोमीटरचा फोटॉन पृष्ठभागाखाली दहा नॅनोमीटरच्या आतच शोषला जातो, आणि तिथे निर्माण झालेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरच्या दोषांत अडकतो. हबलच्या पहिल्या रुंद क्षेत्राच्या कॅमेऱ्यात चिपवर कोरोनीन फासलं होतं, दुसऱ्यात ल्युमोजेन. दोन्ही अतिनील प्रकाश घेऊन दृश्य प्रकाश देणारी. जुगाडच, पण चालला. उलटी अडचण अशी की सिलिकॉनला दृश्य प्रकाश भरपूर दिसतो, आणि तारे तोच जास्त देतात. त्यासाठी दुसऱ्या कॅमेऱ्यात चक्क सोडियम धातूचा बंदिस्त पातळ थर गाळणी म्हणून होता. अल्कली धातू अतिनीलला पारदर्शक असतात, हा रॉबर्ट वुड यांचा १९३३ चा शोध त्यात कामी आला. या कॅमेऱ्याच्या थंड खिडकीवर यानातलीच वाफ साचून अतिनील प्रतिसाद घसरायचा, म्हणून तो ठरावीक काळाने गरम करून साफ करावा लागे. १९९२ मध्ये नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत डेल्टा डोपिंग साधलं: चिपच्या पाठीवर अणूअणूने थर वाढवून, पृष्ठभागापासून अगदी जवळ बोरॉनची एक पातळ पातळी. मग अडकणारे इलेक्ट्रॉन आतच ढकलले जाऊ लागले. पुढे अणुथर निक्षेपणाने, म्हणजे अणूंचा एकेक थर बसवण्याच्या तंत्राने, थेट चिपवरच परावर्तनरोधक थर बसवता आले.

यूव्हीआयटीकडे या पार्श्वभूमीवर पाहिलं की तिची आखणी उलगडते. ३७५ मिलिमीटरच्या दोन दुर्बिणी, आरशांवर तेच ॲल्युमिनिअम आणि मॅग्नेशियम फ्लोराईड. १३० ते १८० नॅनोमीटरच्या दूर-अतिनीलसाठी एक दुर्बीण स्वतंत्र. दुसरीत द्विवर्णी थर जवळचा अतिनील आणि दृश्य प्रकाश वेगळे करतो. यान २८ सप्टेंबर २०१५ ला उडालं, पण दुर्बिणीची झाकणं ३० नोव्हेंबरला उघडली. यानातून निघणारी वाफ आधी विरून जाऊ द्यायची होती.

याच दुर्बिणीने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये २८ तासांहून अधिक काळ एका आकाशपट्ट्याकडे पाहिलं, आणि आयुकाचे कनक साहा यांच्या गटाने त्यातून एयूडीएफएस०१ ही दीर्घिका शोधली. ९.३ अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या या दीर्घिकेतून निघालेला प्रकाश साधारण ६० नॅनोमीटरचा. तेवढी तरंगलांबी या आरशाला परतवताच आली नसती. वाटेत विश्वाच्या प्रसरणाने ती अडीच पटींच्या जवळपास ताणली, आणि प्रकाश मॅग्नेशियम फ्लोराईडच्या हद्दीत येऊन पडला.

‘सूट’चा प्रश्न अगदी उलटा आहे. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सूर्याचा प्रकाश कमी पडत नाही, उतू जातो. म्हणून तोंडाशीच लेप दिलेली औष्णिक गाळणी आहे. ती कामाच्या पट्ट्यातला एक टक्काही प्रकाश आत घेत नाही. मग ११ फिल्टरांतून हवी ती तरंगलांबी निवडायची. त्यातल्या काही अरुंद पट्ट्या मॅग्नेशियमच्या २८० नॅनोमीटरजवळच्या रेषांवर नेमक्या बसवलेल्या आहेत. सूर्याची पूर्ण चकती दाखवणारी तिची चित्रं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली.

आता चर्चा आहे ती नासाच्या ‘हॅबिटेबल वर्ल्ड्स’ या नियोजित अवकाश वेधशाळेची, आणि लिथियम फ्लोराईड पुन्हा रांगेत पुढे आलं आहे. नासाच्या गोडार्ड केंद्रात ते तापलेल्या काचेवर बसवतात, त्यामुळे थर जास्त घट्ट आणि कमी शोषक होतो. जेपीएलमध्ये त्यावर अणुथर निक्षेपणाने ॲल्युमिनियम फ्लोराईडचं बारीक पांघरूण घालून ओलावा रोखायचे प्रयोग झाले आहेत. छोट्या आरशांवर हे जमलं आहे. काही मीटर व्यासाचा आरसा निर्वातात दोन-अडीचशे अंशांपर्यंत सारखा तापवायचा, त्याचा आकार बिघडू द्यायचा नाही आणि काठापासून मध्यापर्यंत थराची जाडी एक-दोन नॅनोमीटरनेही ढळू द्यायची नाही, हे अजून व्हायचं आहे.