युद्ध "बरं चाललंय" हे घरी बसलेली माणसं ठरवतात कशी?

फेब्रुवारी 2007 मध्ये प्यू या संस्थेने अमेरिकेतल्या लोकांना विचारलं की इराकमध्ये आपल्या फौजेचं काम कसं चाललंय, तेव्हा फक्त 30 टक्के लोक म्हणाले बरं चाललंय. वर्षभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर आकडा 48 टक्के. आता ही उडी काही हवेतून आली नव्हती, राष्ट्राध्यक्ष बुशनी जानेवारी 2007 मध्ये जादा फौज पाठवायचं जाहीर केलं होतं, मे महिन्यात तिथे 126 अमेरिकन सैनिक मरण पावले होते आणि डिसेंबरमध्ये 23, म्हणजे तिथे काहीतरी बदलतंय हे लोकांपर्यंत पोचत होतं. पण त्याच सर्व्हेत अजून एक प्रश्न होता, इराकवर हल्ला करायचा निर्णय बरोबर होता का? तो आकडा चाळीसच्या आसपास होता, वर्षभराने 38. जागचा हललाच नाही.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोंधळायला झालं, मग घरातलंच उदाहरण डोळ्यापुढे आलं. कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन होतं, टाके नीट भरतायत, माणूस वॉकर घेऊन चालायला लागलाय, भेटायला आलेले नातेवाईकही म्हणतात सुधारणा आहे बरं का, आणि तीच माणसं जिना उतरताना म्हणतात, खरं तर हे ऑपरेशन करायलाच नको होतं. दोन्ही मनापासून बोललेलं असतं. "आत्ता कसं चाललंय" आणि "मुळात करायला हवं होतं का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बातम्यांमध्ये नुसतं "युद्धाला लोकांचा पाठिंबा वाढला" किंवा "घटला" असं येतं तेव्हा यातला नेमका कुठला प्रश्न विचारला होता हे आधी बघायला पाहिजे.

(हजार-दीड हजार लोकांना विचारून तीस कोटींचं मत कसं कळतं असं बरेच जण विचारतात. शितावरून भाताची परीक्षा, तसंच. फक्त शीत पातेल्यात कुठूनही, न निवडता उचललेलं पाहिजे. हजार लोक असे उचलले तर आकडा साधारण तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून 40 चं 38 झालं त्याला घट म्हणायचं नाही, पण 30 चं 48 झालं तो बदल खराच.)

या विषयाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो व्हिएतनामपासून. जनमत चाचण्या घेणारे गॅलपवाले तेव्हा वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत होते, व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक झाली का. ऑगस्ट 1965 मध्ये 24 टक्के हो म्हणाले, ऑगस्ट 1968 मध्ये 53 टक्के. जॉन म्युलर नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने हे आकडे कोरियाच्या युद्धातल्या आकड्यांशेजारी ठेवले आणि त्याला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली, की हताहत सैनिकांचा आकडा दहापट झाला की पाठिंबा साधारण 15 टक्क्यांनी उतरतो. शंभराचे हजार झाले की 15, हजाराचे दहा हजार झाले की परत 15च. म्हणजे सुरुवातीला थोड्या नुकसानीत पाठिंबा भराभर खाली येतो आणि नंतर तेवढाच खाली यायला कितीतरी जास्त माणसं जावी लागतात. हे वाचताना पोटात कालवतं खरं, पण कारण समजतं. आंब्याचा कच्चा मोहोर पहिल्याच वाऱ्यात गळतो, जो उरतो तो घट्ट धरलेला असतो, मग तेवढाच पाडायला वादळ लागतं. युद्धाच्या सुरुवातीला "बघू या" म्हणणारे आधी निघून जातात, मागे राहतात ते पक्के.

आणि टेटचं, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणाला झालेल्या हल्ल्याचं, प्रकरण बघा. नोव्हेंबर 1967 मध्ये तिथले अमेरिकन सेनापती वेस्टमोरलँड वॉशिंग्टनला येऊन सांगून गेले की शेवट दिसायला लागलाय, आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी 1968 च्या शेवटी, दक्षिण व्हिएतनाममधल्या शंभरावर शहरांवर आणि गावांवर एकदम हल्ले, सायगावच्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात सुद्धा व्हिएतकाँगचे, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांचे, लोक घुसले. लष्करी हिशेबात हल्ला करणाऱ्यांचंच फार मोठं नुकसान झालं. पण घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाने हिशेब वेगळा केला, मला तर सांगितलं होतं संपत आलंय! गंमत अशी की "चूक झाली" म्हणणाऱ्यांचा आकडा टेटमुळे एकदम उसळला नाही, आधीपासून हळूहळू वर चाललेला तो तसाच चालत राहिला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन युद्ध कसं हाताळतायत याबद्दलचं मत मात्र धाडकन कोसळलं, आणि 31 मार्चला त्यांनी निवडणुकीला परत उभा राहणार नाही म्हणून जाहीर केलं. माझ्या मते इथे खरा फटका अपेक्षेला बसला. इराकमध्येही तसंच, मे 2003 मध्ये "मिशन अकम्प्लिश्ड" (मोहीम फत्ते) चा बॅनर लागला तोवर तिथे 140 च्या आसपास अमेरिकन सैनिक मरण पावले होते, पुढे एकूण जवळपास साडेचार हजार गेले. आधी मोठं बोलून ठेवलं की नंतरची प्रत्येक शवपेटी जास्त जड होते.

इराकच्या वेळी गेल्पी, फीव्हर आणि राइफ्लर या तिघा राज्यशास्त्रज्ञांनी म्हटलं की नुसते मृत्यू मोजून भागणार नाही, आपण शेवटी जिंकणार असं ज्यांना वाटतं ते बरंच नुकसान सोसायला तयार असतात. यावर ॲडम बेरिन्स्की या दुसऱ्या राज्यशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला, 2004 मध्ये काही लोकांना तोवर किती सैनिक गेले तो खरा आकडा सांगितला आणि काहींना नाही सांगितला, मग युद्धाबद्दल मत विचारलं. फरकच पडला नाही. त्यांचं म्हणणं, लोक आपल्या पक्षाचे नेते काय म्हणतात तिकडे बघून मत बनवतात, आणि रिपब्लिकन-डेमोक्रॅट यांच्यातली दरी इराकमध्ये व्हिएतनामपेक्षा कितीतरी मोठी होती. मला दोन्हीत तथ्य वाटतं पण बेरिन्स्कींचं जास्त पटतं, कारण "आपण जिंकणार" ही आशा तरी माणसाकडे कुठून येते, रणांगण तर कुणी पाहिलेलं नसतं.

ज्यांच्या दारात हे चाललं होतं त्यांना पण विचारलं गेलं, आणि याची चर्चा फार कमी होते याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑगस्ट 2007 मध्ये बीबीसी आणि एबीसी वगैरे वृत्तवाहिन्यांनी दोन हजारांवर इराकी लोकांना विचारलं, तर जवळपास 70 टक्के म्हणाले की जिथे जादा फौज आली तिथली सुरक्षितता आणखी बिघडलीये. म्हणजे अमेरिकेत आकडा वर चढत होता त्याच वर्षात. आणि ते खोटं बोलत नव्हते, अमेरिकेतल्या ओहायोतला माणूस आपले सैनिक किती परत येत नाहीत ते मोजत होता, बगदादची बाई दिवसात लाईट किती तास येते आणि पोरगं बाजारातून परत येतं का ते मोजत होती. मार्च 2008 मध्ये परत विचारलं तेव्हा आपलं आयुष्य बरं चाललंय म्हणणारे इराकी 39 वरून 55 टक्क्यांवर आले होते. परदेशी फौजा इथे नकोत म्हणणारे तेव्हाही 70 टक्क्यांच्या वरच होते.