३० की ४०: डिझेल गाडीच्या ऑइलमागचा वाद

वर्षानुवर्षे १५डब्ल्यू-४० वापरलेल्या माणसाला नव्या डिझेल गाडीसाठी ५डब्ल्यू-३० सांगितले की त्याला धास्ती वाटते. एवढे पातळ ऑइल इंजिन सांभाळेल का? ही धास्ती निराधार नाही. फक्त ज्या आकड्याकडे बघून ती वाटते, तो आकडा अपुरा आहे.

दाटपणानुसार ऑइलची वर्गवारी अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांनी १९११ मध्ये सुरू केली. डब्यावरचा डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, नंतरचा तापलेल्या ऑइलचा. वर्गवारीत पुढे बरेच बदल झाले, तरी या दुसऱ्या आकड्यामागची मुख्य चाचणी साधीच राहिली: १०० अंश सेल्सिअसला तापलेले ऑइल बारीक नळीतून स्वतःच्या वजनाने किती वेळात उतरते. दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) भरला तर ३०, त्यापुढे १६.३ पर्यंत ४०. म्हणजे १२.४ चे ऑइल ३० ठरते आणि १२.६ चे ४०, जरी दोघांत फरक जवळजवळ नसला तरी.

एकाच दर्जाचे साधे ऑइल होते तोवर ही चाचणी पुरत होती. थंडी आणि उष्णता दोन्हींत चालणारे, म्हणजे मल्टिग्रेड ऑइल आले आणि गणित बिघडले. मल्टिग्रेडमध्ये दाटपणा टिकवायला पॉलिमर घालतात. इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा थर काही मायक्रॉनचाच असतो. तिथे प्रचंड वेगाने घासले जाताना पॉलिमरच्या लांब साखळ्या ताणून एका दिशेला लागतात आणि ऑइल तेवढ्यापुरते पातळ होते. नळीतल्या संथ चाचणीत हे दिसतच नाही. टर्बो डिझेल तर कमी फेऱ्यांवरच जोर लावते, त्यामुळे बेअरिंगवरचा भार मोठा आणि थर टिकवणे अवघड.

म्हणून १५० अंशांना, सेकंदाला दहा लाख इतक्या घर्षणदराने दाटपणा मोजणारी एचटीएचएस (जास्त तापमान, जास्त घर्षण) चाचणी आली आणि १९९०च्या दशकात तिच्या मर्यादा वर्गवारीत शिरल्या. खरा वाद इथेच सुरू झाला. या चाचणीत १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद (या चाचणीतले दाटपणाचे एकक) हवे होते, पण ५डब्ल्यू-४० ला २.९ चालत असे. दोन्ही डब्यांवर ४० च छापलेले! पुढे ही मर्यादा वाढवून ३.५ केली, तोवर अनेक वर्षे गेली.

३.५ हा आकडा युरोपातल्या डिझेल बनवणाऱ्यांनी धरून ठेवलेली रेषा. त्याखाली बेअरिंग आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) यांची झीज वाढते, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला इंधनबचतीचा दबाव होता, कारण पातळ ऑइल ढवळायला कमी ताकद लागते. चाचणीत ही बचत मोजता येते. झीज मात्र लाख किलोमीटरनंतर कळते, आणि तिचा खर्च मालकाच्या खिशातून जातो. माझ्या मते इथे सावध बाजूचेच बरोबर होते.

तडजोड म्हणून युरोपीय वर्गवारीत दोन्ही प्रकार राहिले. त्यामुळे आजही ५डब्ल्यू-३० दोन तऱ्हांचे मिळते: ए५/बी५ वर्गातले ३.५ च्या खालचे, आणि सी३ वर्गातले किमान ३.५ चे. ज्या इंजिनाला सी३ सांगितले आहे त्यात पहिले घालणे ही चूक आहे, डब्यावरचे ५डब्ल्यू-३० जुळले तरी.

२००४ मध्ये आलेले हे सी वर्ग मुळात काजळी अडवणाऱ्या फिल्टरसाठी, म्हणजे डीपीएफसाठी होते. ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. म्हणून राख कमी ठेवावी लागली. फिल्टरने दाटपणाचा प्रश्नही अवघड केला. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते, त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी नेहमी जवळच्या अंतरावर चालत असेल तर डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसते आणि ४० चे ऑइल ३० सारखे वागू लागते. काजळी मात्र ऑइल दाट करते. त्यामुळे नुसत्या बोटाने चोळून काही ठरत नाही.

२०१६ च्या अखेरीस अमेरिकेत ट्रकच्या डिझेल ऑइलचे सरळ दोन गट केले गेले: एचटीएचएस चाचणीत एकाला किमान ३.५, दुसऱ्याला २.९ ते ३.२. दुसरा गट जुन्या इंजिनांत चालणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट केले होते. आता काही डिझेल कार ०डब्ल्यू-२० मागतात, ज्याची मर्यादा २.६ पर्यंत उतरते. ती इंजिने त्या ऑइलसाठीच घडवलेली असतात. आधीच्या पिढीच्या इंजिनाला ते ऑइल लागू नाही.